पीडीएफला ई-पुस्तक म्हणू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठी पुस्तकांच्या भवितव्याची चर्चा निघाली की ती फिरून मोबाइलवर येते आणि फोनमुळे लोक वाचेनासे झाले, या वाक्यावर संपते. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि ई-पुस्तक निर्मितीचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांना या चर्चेत एक प्रश्न कधीच ऐकू येत नाही. फोनवर वाचण्यासाठी म्हणून मराठी वाचकाच्या हाती आपण नेमके काय ठेवतो? बहुतेक वेळा पीडीएफ ठेवतो. कागदासाठी बांधलेले पान जसेच्या तसे उचलून पडद्यावर चिकटवतो. त्याने वाचणे किती अवघड होते, हे हातात पट्टी घेऊन कोणालाही मोजता येईल.

डेमी आकाराचे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते, म्हणजे १४ बाय २१.६ सेंटिमीटर. सर्रास मिळणाऱ्या साडेसहा इंची फोनचा पडदा उभा धरला तर जेमतेम ६.८ सेंटिमीटर रुंद भरतो. त्यात अख्खे पान बसवायचे तर ते निम्म्याहून लहान करावे लागते. पुस्तकात १४ पॉइंटात जुळवलेला मजकूर पडद्यावर पावणेसात पॉइंटाचा होतो. रोमन लिपीत हे कसेबसे निभावते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असतात. आकार उतरला की आधी तेच जातात; ‘कु’ आणि ‘कृ’, ‘थ’ आणि ‘य’ एकसारखे दिसू लागतात. उंचीला पान साडेदहा सेंटिमीटरच भरते, त्यामुळे पंधरा सेंटिमीटरच्या पडद्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा राहतो. बोटांनी पान मोठे केले की ओळीचा उजवा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो आणि प्रत्येक ओळीला पान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवावे लागते. पानाला ३० ओळी आणि २०० पाने धरा. ६,००० ओळी होतात. दुसऱ्या प्रकरणाच्या आत पुस्तक बंद करणाऱ्या वाचकाला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

फोनसाठीच्या पुस्तकाची रचना वेगळी असते. ईपब या प्रकारात पान नावाची स्थिर गोष्टच नसते. मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपल्या ओळी आपण पाडतो. वाचकाने अक्षर मोठे केले की ओळी पुन्हा जुळतात. ईपब-३ हे मानक २०११ पासून आहे आणि २०१७ पासून त्याची देखभाल वेबची मानके ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था करते. फाइलही हलकी असते. २०० पानांच्या, चित्रे नसलेल्या कादंबरीचे ईपब काही शे किलोबाइटांत मावते. त्याच पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ सहज २० ते ४० मेगाबाइटांची होते. फोनमधली जागा आणि दिवसाचा डेटा मोजून वापरणाऱ्या वाचकाला हा फरक लगेच कळतो. विक्रीची दारेही बंद नाहीत. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन उघडले, गूगल प्ले बुक्स ईपब घेते, पुण्यातून चालणारी मराठी ई-पुस्तकांची दुकाने आहेत.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा छापखान्याकडे गेलेल्या मूळ फाइलपाशी.

१९९० च्या दशकात मराठी पुस्तके संगणकावर जुळू लागली ती पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टांत. त्या काळच्या फॉन्टात एकूण २५६ घरे, म्हणजे अक्षरचित्रे ठेवायच्या जागा. त्यांतली सुरुवातीची ३२ वापरता येत नसत. उरलेल्या २२४ घरांत देवनागरीची सगळी जोडाक्षरे बसवणे अशक्यच होते, म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले. एका घरात अर्धा ग, एका घरात काना, एकात रफार, एकात रफार-अनुस्वार जोडीने. तुकड्याशेजारी तुकडा ठेवत अक्षर उभे करायचे. कागदावर ते देखणे दिसायचे आणि कागदापुरते काम चोखही होते. पण संगणकाच्या लेखी तिथे ‘ग’ नव्हताच. कुठल्यातरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी ‘ग’च्या आकाराचे चित्र होते. शिवाय प्रत्येक कंपनीचा घरांचा नकाशा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचाही वेगळा. अशा फाइलीतला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खच पडतो, तो याच कारणाने.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, जगातल्या लिप्यांसाठीचे संगणकाचे सामाईक मानक. त्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिथे प्रत्येक वर्णाला एकच ठरलेला क्रमांक असतो आणि जोडाक्षर कसे दाखवायचे ते फॉन्ट ठरवतो. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. पण पुस्तके जिथे बांधली जात होती त्या पेजमेकरला युनिकोड कधीच आले नाही; २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस-६ पासून नीट झाली, आणि अजूनही परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावायचे राहिले तर पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरे फुटतात. एकदा असे झाले की छापखाना ‘युनिकोड चालत नाही’ म्हणून जुन्या फॉन्टाकडे परततो. दोष मांडणीतल्या एका पर्यायाचा असतो, शिक्षा सगळ्या पुस्तकाला होते.

याहून वाईट चक्र आज चालू आहे. बहुतेक लेखक आता फोनवर किंवा संगणकावर युनिकोडमध्येच लिहितात. तो मजकूर प्रकाशकाकडे येतो, तिथून अक्षरजुळणीकाराकडे जातो, आणि मांडणी जुन्या फॉन्टात करायची म्हणून उलटा बदलला जातो. पुढची तीन प्रुफे, संपादकाने केलेली काटछाट, शेवटच्या क्षणी बटर पेपरवर दाखवलेल्या दुरुस्त्या, सगळे त्या जुन्या फॉन्टाच्या फाइलीत होते. लेखकाकडची युनिकोड प्रत कच्चीच राहते. पुस्तक निघाल्यावर वर्षाने कोणी ई-आवृत्ती मागितली, की एकीकडे शुद्ध पण निरुपयोगी फाइल आणि दुसरीकडे उपयोगी पण अशुद्ध फाइल अशी अवस्था असते. मग रूपांतराचे सॉफ्टवेअर चालवतात आणि निघालेला मजकूर न वाचता विक्रीला ठेवतात. मराठी ई-पुस्तकांत दिसणाऱ्या विचित्र चुकांपैकी बहुतेक इथून येतात.

त्या चुका आल्या कुठून हे समजले तर शोधता येतात. जुन्या फॉन्टात सगळे डोळ्याला दिसते त्या क्रमाने साठवलेले असते: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा ‘र्’ व्यंजनाच्या आधी. रूपांतर करताना वेलांटीला अख्खे जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावे लागते, रफाराला उलट दिशेने आणावे लागते. सॉफ्टवेअरला जोडाक्षराची हद्द ओळखता आली नाही की ‘वर्ष’चे ‘वषर्’, ‘कार्यकर्ते’चे ‘कायर्कतेर्’, ‘निर्मिती’चे ‘निमिर्ती’ आणि ‘स्थिती’चे ‘सि्थती’ होते. या चुका निदान डोळ्यांत खुपतात. रफार-अनुस्वाराच्या जोडघरातला अनुस्वार गळला तर ‘सर्वांनी’चे ‘सर्वानी’ होते आणि घाईतला वाचक पुढे निघून जातो.

सर्वांत घातक चूक खास मराठीची आहे. रफार आणि अर्धा र, म्हणजे ‘र्य’ आणि ‘ऱ्य’, हा भेद हिंदीला लागत नाही. आपल्याला त्यावाचून चालत नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरांतल्या. आचार्यांनी प्रवचन करायचे, आचाऱ्यांनी स्वयंपाक. रूपांतरात ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला तर दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही ही चूक पकडत नाही. म्हणून रूपांतरानंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेला प्रत्येक शब्द एकेक करून पाहावा, याला दुसरा उपाय नाही. दोनशे पानांत असे दोनतीनशे शब्द निघतील. तासाभराचे काम आहे.

दुसरा गट दिसायला बरोबर आणि आत चुकीच्या अक्षरांचा. ‘ो’ हे एकच चिन्ह टंकायला हवे. त्याऐवजी काना आणि मग मात्रा अशी दोन चिन्हे पडली तर काही फोनांवर अक्षर ठीक दिसते, काहींवर मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. ‘ऑ’साठी ‘आ’वर चंद्र, ‘आ’साठी ‘अ’ला काना हे त्याच जातीचे. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे दोन ठिपके टाकणे तर इतके रुळले आहे की ‘दुःख’ शोधले तर अर्ध्या पुस्तकातले दुःख सापडत नाही, आणि कधी ‘दु’ एका ओळीच्या शेवटी राहून ‘ख’ खाली जातो. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला; त्याआधीची सवय ‘अ’वर चंद्र देण्याची. एकाच पुस्तकात दोन्ही असतील तर शोध अर्धवट होतो. ‘उद्‌गार’सारख्या शब्दात पाय मोडून सुटे अक्षर दाखवण्यासाठी मध्ये एक अदृश्य खूण टाकावी लागते, ‘अनावश्यक चिन्हे’ साफ करणारे सॉफ्टवेअर ती खूण पुसून टाकते आणि लेखकाने जाणीवपूर्वक सुटे ठेवलेले अक्षर जोडले जाते.

यासाठी ठरवलेला क्रम पाळला तर काम आटोक्यात राहते. रूपांतराला छपाईला गेलेली शेवटचीच फाइल घ्यावी. छापील प्रत शेजारी ठेवून पहिले, मधले आणि शेवटचे पान ताडून ती तीच असल्याची खात्री करावी. इंग्रजी शब्द, आकडे आणि सूत्रे वेगळ्या फॉन्टात असतील तर ते आधी वेगळे खूण करून ठेवावेत, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांनाही मराठी समजून चिरडते. कोणता फॉन्ट, कोणती मालिका, हे पाहून त्याचाच नकाशा निवडावा आणि आधी दोनच पाने बदलून पाहावीत. मग शोध घ्यावा: रिकाम्या जागेनंतर लगेच आलेली काना-मात्रा, एकापाठोपाठ दोन मात्रा, मात्रेआधी पडलेला अनुस्वार, शब्दाच्या पोटातला अपूर्णविराम, शब्दाच्या टोकाला आलेला पाय मोडलेला र. ओळ बसवण्यासाठी अक्षरजुळणीकाराने हाताने टाकलेली संयोगचिन्हे आणि शिफ्ट-एन्टर दाबून तोडलेल्या ओळींच्या खुणा काढाव्यात; छापील पानावर ओळीच्या शेवटी शोभणारे ‘विद्या-पीठ’ फोनवर ओळीच्या मधोमध येते. हे सगळे झाल्यावर मजकूर छापील प्रतीशी ताडून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचायचाच. दोनशे पानांना एका सवयीच्या मुद्रितशोधकाचे चार-पाच दिवस लागतात. प्रकाशक नेमका हाच खर्च वाचवतात, आणि ई-पुस्तकाची नाचक्की होते ती त्यामुळेच.

ज्या पुस्तकांची फाइलच नाही, खिळे जुळवून छापलेली ती सगळी जुनी पुस्तके, त्यांना स्कॅन आणि अक्षर-ओळख हाच मार्ग आहे. स्कॅन ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) खाली करू नये. बारीक टाइप असेल तर ४०० घ्यावे, आणि थेट काळे-पांढरे न करता करड्या छटांत घ्यावे, म्हणजे झिजलेली शिरोरेघ आणि पुसट अनुस्वार टिकतात. टेसरॅक्ट हे अक्षर-ओळखीचे मोफत सॉफ्टवेअर वापरताना मराठीचा प्रशिक्षित डेटा निवडावा. हिंदीचा निवडला तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांचे हाल होतात. पानाच्या माथ्यावरचे पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक आधीच कापून टाकावेत, नाहीतर ते दर पानागणिक वाक्यात घुसतात. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या नेहमी चुकतात, अनुस्वार गळतात किंवा कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असतात. ते मूळ लेखनाचा भाग आहेत, सुधारण्याच्या भरात ते पुसू नयेत. हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांपुरते बोलायचे तर १९६४ अखेरपर्यंत निधन झालेल्या लेखकांवरचा स्वामित्वहक्क आता संपला आहे, कारण आपल्या कायद्यात मुदत मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. एवढा मोठा साठा कोणाचीही परवानगी न घेता शुद्ध मजकुराच्या रूपात आणता येईल. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात स्वयंसेवक स्कॅन आणि मजकूर शेजारी ठेवून पान-पान तपासतात. ती पद्धत फार चांगली आहे आणि तिला माणसे हवी आहेत.

शुद्ध मजकूर हाती आल्यावर ईपब बांधणे त्यामानाने सोपे. तरी देवनागरीची काही पथ्ये आहेत. फाइलीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. ती नोंद नसेल तर ज्या फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात तेही हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, आणि वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी मजकूर हिंदी उच्चारांत म्हणते. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. शाळेत एक श आणि फोनवर दुसरा, असे आपल्या मुलांनी का वाचावे? खुल्या परवान्याचे टिरो देवनागरी मराठी, मुक्त, नोटो यांसारखे फॉन्ट पुस्तकात घालता येतात. विकत घेतलेल्या फॉन्टाचा परवाना छपाईपुरता आहे की ई-पुस्तकात घालण्याचाही, हे आधी वाचावे.

अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेघ तुटते. तिरपा टाइप देवनागरीचा नाही. जोर द्यायचा तर ठळक करावे. ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफाराला भिडतात. फोनच्या ओळीत मराठीचे चार-पाच शब्दच मावतात. ‘विद्यार्थ्यांमध्येसुद्धा’ असा एखादा लांब शब्द आला आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या तर उरलेल्या शब्दांत खिंडारे पडतात. म्हणून डावी कड सरळ, उजवी मोकळी. अक्षरांचा रंग काळा असा पक्का बांधू नये, कारण रात्रीच्या मोडमध्ये पार्श्वभूमीही काळी होते आणि मजकूर अदृश्य होतो. कवितेत मोडलेल्या ओळीचा उरलेला भाग आत सरकवून घ्यावा, म्हणजे ओळ कवीने तोडली की पडद्याने, हे वाचकाला कळते. शेवटी ईपबचेक या मोफत साधनाने फाइल तपासावी आणि एका जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर अक्षर सर्वांत मोठे करून उघडून पाहावी.

असा मजकूर हाती असला की कागदाचेही काम सोपे होते. ऑफसेट छपाईला दर फर्म्याला, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांना, प्लेटा लागतात, म्हणून तीन-पाचशे प्रतींखाली परवडत नाही. डिजिटल छपाईला प्लेट नसते, २५ प्रतीही निघतात. त्याच फाइलीतून संपलेले पुस्तक मागणीनुसार छापता येते.

मजकूर आणि चित्र यांतला फरक सर्वांत जास्त कोणाला भोवत असेल तर दृष्टिहीन वाचकांना. फोनमधला वाचून दाखवणारा आवाज आता मराठी बोलतो, पण स्कॅन केलेल्या पीडीएफपुढे तो गप्प बसतो आणि जुन्या फॉन्टाच्या पीडीएफमधली निरर्थक रोमन अक्षरे म्हणत सुटतो. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुगम्य प्रत करायला परवानगीची गरज ठेवलेली नाही. दृष्टिहीनांना पुस्तके सुगम्य रूपात मिळावीत यासाठीच्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला आणि २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हा ऑनलाइन संग्रह आहे. कायदा आहे, संग्रह आहे. प्रकाशकाकडून शुद्ध युनिकोड फाइल आली तर पुस्तक तिथे पोहोचायला फार दिवस लागणार नाहीत. नाहीतर तेच पुस्तक पुन्हा स्कॅन करून, पुन्हा टंकून, पुन्हा तपासून द्यावे लागते. अभ्यासकांनाही हेच लागू आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शोधता येईल अशा मजकुरात ठेवली, म्हणून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला मराठी माणूस त्यातला शब्द क्षणात काढतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदी तशाच शोधता येतात. चित्ररूपातले पुस्तक जगाला उपलब्ध असूनही सापडत नाही.

लेखकांसाठी एक सूचना. प्रकाशकाशी केलेल्या हक्क-हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीने असेही घातले की हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हस्तांतरण त्या माध्यमाला लागू होत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या करारावर आज ई-पुस्तक काढताना त्यामुळे दोन्ही बाजू घाबरतात आणि पुस्तक पडून राहते. वारसांसह एक पानाचा पुरवणी करार करावा. त्यात ई-पुस्तक, श्राव्यपुस्तक आणि मागणीनुसार छपाई हे तीन हक्क वेगवेगळे लिहावेत, प्रत्येकाची मुदत आणि मानधनाचा टक्का लिहावा, आणि अंतिम युनिकोड फाइलीची एक प्रत लेखकाला मिळेल हेही लिहावे. मुखपृष्ठ आणि आतली रेखाटने यांच्या चित्रकारांची संमती बहुतेक करारांत विसरली जाते. करही ध्यानात घ्यावा: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावरचा १८ टक्के कर २७ जुलै २०१८ पासून ५ टक्क्यांवर आणला गेला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच पुस्तकासाठी. फक्त ई-रूपात निघणाऱ्या नव्या लेखकाच्या पुस्तकाला ती सवलत मिळाली नाही. हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्यानिमित्ताने पुस्तकांवर सार्वजनिक पैसा खर्च होणार असेल तर त्याला दोन अटी जोडाव्यात, अशी आमची शासनाला विनंती आहे. अनुदानातून निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची अंतिम फाइल युनिकोडमध्ये, छापील प्रतीशी ताडलेली, अनुदानाच्या शेवटच्या हप्त्याआधी जमा व्हावी. आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळासारख्या संस्था जी मौल्यवान पुस्तके मोफत पीडीएफ रूपात देतात, त्यांची ईपब आवृत्ती टप्प्याटप्प्याने निघावी. सुरुवात कोश, परिभाषा आणि बालसाहित्य यांपासून व्हावी, कारण कोशात शोध लागतो आणि लहान मुलांना मोठे अक्षर लागते. यासाठी नवे ॲप मुळीच नको. ॲप दोन-तीन वर्षांत जुने होते, ते चालवणारे कंत्राट संपते आणि आतली पुस्तके अडकून पडतात. फाइल साध्या दुव्यावर ठेवावी. ज्याला ज्या फोनवर, वाचनाच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची तिथे त्याने उघडावी.

संपादक महाशय, आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. रविवारच्या पुरवणीत पुस्तक परिचयाखाली आपण प्रकाशन, पृष्ठे आणि किंमत छापता. त्याच ओळीत ‘ई-आवृत्ती’ असा आणखी एक रकाना घालावा आणि पुढे ‘ईपब’, ‘फक्त पीडीएफ’ किंवा ‘नाही’ यांपैकी जे असेल ते छापावे. प्रकाशकाने परीक्षणासाठी प्रत पाठवतानाच ही माहिती कळवावी, एवढी सूचना पुरवणीच्या पत्त्याखाली दिली तरी पुरे.

आपले,
अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व ई-पुस्तक निर्मितीच्या कामातील काही जण,
पुणे